दोन नांगर

आमच्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही. सरकारदप्तरी आता ज्याचे नाव अहिल्यानगर असे लागले आहे त्या या मुलखात प्रवरा आहे, मुळा आहे, उत्तरेच्या अंगाने गोदावरी वाहते, शहराच्या कडेने सीना नावाची, वर्षातले पुष्कळसे महिने कोरडीच असणारी, नदी जाते. पण खाऱ्या पाण्याचा वास घ्यावयाचा म्हटले, तर घाट उतरून कोकण गाठल्यावाचून इलाज नाही. असे असूनही ज्या एका अवजाराशी येथल्या कुणब्याचा जन्मभराचा संबंध, त्याचे नाव दर्यावरच्या खलाशाच्या तोंडी त्याच उच्चाराने आणि तितक्याच वेळा येते, ही गोष्ट मला लहानपणापासून विस्मयाची वाटत आली आहे. शेतकऱ्याचा नांगर संस्कृत ‘लांगल’ या शब्दापासून आला, गलबताचा नांगर फारसी ‘लंगर’पासून, दोन निराळ्या घराण्यांतले हे शब्द मराठीच्या अंगणात येऊन इतके एकरूप झाले, की बैलामागे चालणारा आणि सुकाणू धरणारा यांना आज तो एकच शब्द आहे. भाषापंडित याला ध्वनींचा योगायोग म्हणतील, आणि ते शास्त्रदृष्ट्या बरोबरही असेल; परंतु दोन्ही नांगर धरणाऱ्यांना पहिला प्रश्न एकच पडतो, आणि तो म्हणजे खाली काय आहे हा.

माझे आजोबा उन्हाळ्यात नांगरट करण्यापूर्वी एक लांब पहार घेऊन वावरात जात. चार-सहा ठिकाणी ती सरळ खाली मारीत, हलवून उपसून काढीत, आणि टोकाला काय चिकटून आले आहे ते अंगठ्याने चोळून पाहत. काळी असली तर ती मेणासारखी चिकटून येई आणि बोटावर तिची चकाकी उमटे; चोपण असली तर ढेकूळ फुटता फुटत नसे; मुरूम लागला तर पहार करकरे आणि टोकाला तांबूस भुकटीखेरीज काही नसे; आणि खडक लागला म्हणजे मनगटापर्यंत झिणझिण्या येत. एवढे पाहून झाले, की वावराच्या कोणत्या भागात फाळ किती खोल घालावयाचा, कोठे बैलांची खांदी जपावयाची आणि कोणता बरडाचा तुकडा गवताला सोडून द्यावयाचा, हे ते जागच्या जागी ठरवीत. पहारीच्या टोकाची ती माती त्यांनी मला एकदा हुंगावयासही दिली होती. पुढे पुष्कळ वर्षांनी समुद्रतळ ओळखण्याची जुनी रीत वाचनात आली, तेव्हा मला प्रथम आठवली ती ती पहार.

कारण दर्यावर्द्यांची रीत हीच होती. शिशाचा एक लांबट गोळा दोरीला बांधून पाण्यात सोडावयाचा, तो तळाला टेकला की दोरीवरून खोली मोजावयाची, आणि गोळ्याच्या बुडाशी जो वाटीसारखा खळगा ठेवलेला असे त्यात आधीच भरलेल्या चरबीला तळाचे काय चिकटून आले ते वर काढून पाहावयाचे. चरबीत रेती रुतून आली तर तळ रेतीचा; करडा-काळा लेप आला तर चिखलाचा; शिंपल्यांचा चुरा आला तर तो तसा; आणि चरबी कोरीच राहून वर नुसता खाचेचा वण उमटला, तर खाली खडक, म्हणजे तेथे नांगर टाकणे आपल्या हाताने आपला दोर तोडून घेण्यासारखे. इंग्रजी जहाजांवरच्या या दोरीला ठरावीक वावांवर निरनिराळी खूण असे: कोठे चामड्याच्या पट्ट्या, कोठे पांढरे सुती फडके, कोठे तांबडे लोकरी, कोठे निळ्या जाड कापडाचा तुकडा, आणि या कापडांचे पोत मुद्दाम वेगवेगळे ठेवीत, ते अशासाठी, की काळोख्या रात्री रंग दिसला नाही तरी बोटांना, आणि बोटे गारठली असतील तर ओठांना, हे सातवे वाव की तेरावे ते कळावे. ही विद्या फार प्राचीन आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने, ख्रिस्ताच्या पूर्वी पाचव्या शतकात, मिसर देशाकडे जाणाऱ्या गलबताविषयी लिहून ठेवले आहे, की किनारा अद्याप एका दिवसाच्या वाटेवर असतानाच दोरी सोडली तर अकरा वावांवर चिखल वर येतो, आणि त्यावरून नाईल नदीने आपली माती समुद्रात किती दूरवर नेली आहे ते समजते. भूमी डोळ्यांना दिसण्यापूर्वी ती हाताला लागते, हे त्या खलाशांना अडीच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते.

पुढे या हाताच्या ज्ञानाला कागद मिळाला. आजचा कोणताही सागरी नकाशा उघडावा, तर पाण्याच्या जागी खोलीचे बारीक आकडे विखुरलेले दिसतात आणि त्या आकड्यांच्या मध्ये, मुंग्यांनी रेघ सोडून इकडेतिकडे फिरावे तशी, एकेक दोन-दोन अक्षरे. ‘एम’ म्हणजे चिखल, ‘एस’ म्हणजे रेती, ‘सी-वाय’ म्हणजे चिकणमाती, ‘एस-टी’ म्हणजे दगडगोटे, ‘एस-एच’ म्हणजे शिंपले, ‘आर’ म्हणजे खडक, ‘सी-ओ’ म्हणजे प्रवाळ, ‘डब्ल्यू-डी’ म्हणजे शेवाळ-वनस्पती. त्यांच्या आधी लहान लिपीत बारीक, भरड, मऊ, कठीण, चिकट असे विशेषण. दोन जिनसांची मिसळ असेल तर जिचे प्रमाण अधिक ती पहिली. आणि एका थराखाली दुसरा असेल तर मध्ये तिरकी रेघ, वरचा थर आधी. अननुभवी माणूस या अक्षरांवरून नजर फिरवून पुढे जातो. जाणता कप्तान मात्र आकड्याच्या आधी अक्षर पाहतो, कारण नांगराचे बळ त्याच्या वजनात असते त्याहून अधिक तो ज्यात रुततो त्या मातीत असते. चिकणमातीत नांगराची नखी शिरली की ती धरून ठेवते. घट्ट रेतीतही बरे धरते. फार पातळ चिखलात नांगर लोण्यातून सुरी जावी तसा ओढला जातो. शेवाळावर तो घसरतो, नखीत गवताचा भारा घेऊन वर येतो. प्रवाळ दोर कापतो. आणि खडकाच्या फटीत अडकला तर कधी सुटतच नाही, नाहीतर वाऱ्याची दिशा फिरताच एकदम सुटतो, जे त्याहून वाईट. नांगराची नखी तळात शिरून राहण्यासाठी त्याच्यावरचा ओढा वरच्या बाजूने येता उपयोगाचा नाही, तो जमिनीला शक्य तितका समांतर यावा लागतो. म्हणून दोर खोलीच्या पाच-सात पट सोडतात. आमच्याकडे नांगराचा फाळ उथळ चालला तर इसाडाचा कोन बदलतात, ते ज्याने पाहिले असेल त्याला हे गणित शिकवावे लागणार नाही.

हे सगळे नगरशी संबंध नसलेले वाटेल. परंतु दीड शतकाच्या आसपास असा काळ होता, की सीनेच्या काठी बसणाऱ्या दरबाराचा पोशाख, घोडा, दारू आणि खजिना यांचा मोठा वाटा समुद्राच्या एका चिखलमुखातून येत होता, आणि ते मुख म्हणजे कुंडलिका नदीच्या तोंडावरचे चौल बंदर. जुन्नरच्या शिवनेरीवर बसून मलिक अहमदाने १४९० मध्ये बहामनी सत्तेपासून स्वातंत्र्य पुकारले आणि १४९४ च्या सुमारास भिंगारजवळ नवे शहर वसवून त्याला आपले नाव दिले. त्याच्या मुलखाची पश्चिमेची कड कोकणपट्टीला भिडत होती आणि दंडा-राजपुरी व चौल ही तिची दारे होती. नगरपासून चौल सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर. पण शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर आणि बंदर भरतीच्या रेषेवर, मध्ये सह्याद्रीची भिंत. रशियाचा व्यापारी अफानासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, तेव्हा तेथून पाली-उंबऱ्यावरून घाट चढून जुन्नर गाठण्यास त्याला तीन-साडेतीन आठवडे लागले. विकण्यासाठी आणलेला त्याचा एकुलता एक घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि एका खुरासानी सद्गृहस्थाच्या रदबदलीने तो परत मिळाला. घोडे असे समुद्रावरून येत आणि देशावर लढत.

चौल तेव्हाही जुनेच होते. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत त्याचे नाव सेमिल्ला म्हणून येते, अरबांच्या लेखी ते सैमूर. अल्-मसूदी इसवी सन ९१५-१६ च्या सुमारास येथे येऊन गेला. मलिक अहमदाच्या निजामशाहीचा जन्म ज्या १४९० च्या सुमारास झाला, जवळपास त्याच वेळी ओमानचा विख्यात नाविक अहमद इब्न माजिद अरबी भाषेत आपला नौकानयनाचा मोठा ग्रंथ पुरा करीत होता. त्याच्यासारख्या मुअल्लिमांना, म्हणजे जहाजाला वाट दाखविणाऱ्यांना, हिंदुस्थानचा किनारा जवळ आल्याची खूण आकाशातल्या ताऱ्याइतकीच पाण्यावरच्या सापांत, पक्ष्यांत आणि शिशाला लागून येणाऱ्या मातीत दिसे. या किनाऱ्याचा तळ त्या दृष्टीने फार प्रामाणिक आहे. बाहेरून येताना प्रथम भरड रेव आणि शिंपल्यांचा चुरा लागतो. पुढे पंचवीस-तीस वावांच्या आत आले, की शिशाच्या बुडाला मऊ गाळ येऊ लागतो, आणि तो आला म्हणजे रात्र असो, धुके असो, कोकण जवळ आहे एवढे निश्चित समजावे.

त्या गाळाने एकदा इतिहासही पकडून ठेवला. १५०८ च्या मार्च महिन्यात पोर्तुगीज व्हिसेरेई (व्हाइसरॉय) फ्रान्सिस्कु द आल्मैदा याचा तरुण मुलगा लोरेन्सु चौलच्या खाडीत आपल्या जहाजांसह उभा असता इजिप्तच्या सुलतानाचे आरमार अमीर हुसेनाच्या हाताखाली, आणि त्याच्या मदतीला दीवचा मलिक अयाझ, असे दोघे त्याच्यावर चालून आले. झुंज चालली असता बाहेर पडण्याच्या धडपडीत लोरेन्सुचे जहाज, पाण्याच्या रेषेखाली गोळा लागून आधीच जड झालेले, कोळ्यांनी मासेमारीसाठी तळात रोवलेल्या खुंट्यांत अडकले आणि पुन्हा सुटले नाही; तेथेच तो मारला गेला. पोर्तुगीज इतिहासकारांनी या प्रसंगात शौर्य आणि दुर्दैव यांना मोठी जागा दिली आहे, आणि ती योग्यही आहे. पण मला त्यात खुंटे दिसतात. ओढीच्या पाण्यात जाळे ताठ धरून उभा राहणारा खुंटा रेतीत टिकत नाही आणि खडकात शिरत नाही, त्याला खोल, चिवट चिखलच लागतो. म्हणजे तो खुंटा ज्या कोळ्याने तेथे रोवला, त्याने खाडीच्या तळाची पाहणी कोणाच्याही नकाशाआधी पुरी केलेली होती. त्याचा नकाशा खुंट्यांच्या रांगेतच होता. तो वाचता आला नाही त्या जहाजाला त्याची किंमत द्यावी लागली.

पोर्तुगीज या धड्यापासून शिकले असे मी म्हणेन. बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने त्यांनी १५२१ मध्ये चौलच्या खालच्या अंगाला, आज ज्याला रेवदंडा म्हणतात तेथे, आपली गढी उभारण्यास हात घातला, आणि नगरच्या दरबाराशी त्यांचे संबंध पुढे बराच काळ सलोख्याचे राहिले. लिस्बनहून गोव्यात आलेला विद्वान वैद्य गार्सिया द ओर्ता हा याच बुऱ्हाणाच्या औषधोपचारासाठी नगरास येत असे, आणि १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या वनौषधींच्या ग्रंथात निजामशहाची आठवण ठिकठिकाणी येते. याच स्नेहाच्या दिवसांत, १५३८ च्या अखेरीस, व्हिसेरेई गार्सिया द नोरोन्याच्या आरमाराबरोबर गोव्याहून दीवकडे जाताना जुवांव द काश्त्रु नावाचा एक अधिकारी हातात वही घेऊन निघाला. गणिती पेद्रु नुनिश याच्या शिकवणीत वाढलेला हा मनुष्य लढाईला निघालेल्या जहाजावर बसून सूर्याची उंची मोजीत होता, होकायंत्राच्या सुईचा विचलनकोन टिपीत होता, आणि वाटेतल्या प्रत्येक बंदराशी होडी सोडून मुखाची खोली, खडकांच्या जागा, आत शिरण्याची वाट आणि जहाज कोठे निर्धास्त उभे करावे ते लिहून ठेवीत होता. गोवा ते दीव या किनाऱ्याचे जे मार्गदर्शन त्याने तयार केले, त्यात बंदरांची रंगीत चित्रेही आहेत आणि चौल त्यांत आहे. मला तो ग्रंथ त्या शतकातल्या कोणत्याही तहनाम्याहून महत्त्वाचा वाटतो. तह मोडता येतो आणि तो मोडलाही गेला. परंतु ज्या दिवशी कुंडलिकेच्या मुखाची खोली एका वहीत उतरली, त्या दिवसापासून ती तांडेलाच्या मर्जीवर राहिली नाही.

१५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने आदिलशहाशी संगनमत करून चौलला वेढा घातला. आदिलशहा गोव्यावर गेला, हा चौलवर. नगरची फौज जमिनीच्या बाजूने कित्येक महिने गढीला भिडून राहिली, तोफा लागल्या, खंदक खणले गेले, माणसे दोन्हीकडची फार पडली. पण पोर्तुगीजांच्या पाठीशी पाणी होते, त्या पाण्याखालची जमीन त्यांच्या ओळखीची होती, आणि गोव्याहून कुमकेची जहाजे येऊन त्याच चिखलात नांगर टाकून माणसे आणि दाणागोटा उतरवीत होती. निजामशाहीच्या चाकरीत राहिलेला इतिहासकार फिरिश्ता या अपयशाचे कारण असे देतो, की नगरचे काही सरदार पोर्तुगीज मद्याच्या नजराण्यांनी फितले आणि रात्री शत्रूकडे शिधा जाऊ देऊ लागले. ते खरे असेलही. परंतु मद्य पोहोचण्यालाही वाट लागते, आणि ती वाट निजामशहाला बंद करता येत नव्हती. १५७१ मध्ये तह झाला आणि फौज घाट चढून परत आली. पुढे दुसऱ्या बुऱ्हाणाने खाडीच्या दक्षिण बाजूच्या, समुद्रात नाकासारख्या घुसलेल्या कोर्लईच्या टेकडीवर गढी बांधून नांगरवाड्यावरच तोफा रोखण्याचा घाट घातला. बेत अचूक होता, पण १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ती टेकडीच घेतली. आजही कोर्लईच्या पायथ्याच्या वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली घरोघर बोलली जाते.

येथे मला एका गोष्टीची खंत वाटते, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. जमिनीची पारख करण्यात निजामशाहीचा अंमल मुळीच मागासलेला नव्हता. तिचा शेवटचा मोठा कारभारी मलिक अंबर याने जमिनीच्या मगदुराप्रमाणे प्रतवारी लावून जी जमाबंदी बसविली, तिची कीर्ती पुढे मराठे आणि इंग्रज या दोघांच्याही दप्तरांत टिकून राहिली; पीक पाहून हिस्सा ठरवावा, पुढे त्याची रोकड करावी, पडीक रान लागवडीस आणणाऱ्यास सवलत द्यावी, हे सगळे त्याच्या बंदोबस्तात होते. कोणते वावर काळीचे, कोणते मुरमाडाचे हे ज्या राज्याच्या कुलकर्ण्याला तोंडपाठ, त्याच राज्याच्या मुख्य बंदराच्या तळाची प्रतवारी परक्याच्या वहीत गेली. याला बुद्धीची उणीव म्हणता येणार नाही. काळीतून महसूल येतो, म्हणून तिची मोजणी झाली. खाडीतून जकात येत होती, पण ती काठावरच्या चौकीत गोळा होई, तळाशी नव्हे, आणि जेथे कारकुनाची लेखणी पोहोचत नाही त्या गोष्टीला दप्तरात पान मिळत नाही.

आणि पोर्तुगीजांच्या वह्या तरी कोठे त्यांच्याच राहिल्या! हॉलंडमधल्या एंखाउझन गावच्या लुकास वाखेनार याने १५८४ मध्ये युरोपच्या किनाऱ्यांचा छापील नकाशासंग्रह काढला, त्यात खोलीचे आकडे होते आणि जहाज उभे करण्याच्या जागी नांगराचे चिमुकले चित्र. आणि त्याच गावातून आलेला यान हाउखेन फान लिंस्खोटेन, गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरी पाच वर्षे चाकरी करून मायदेशी परतल्यावर, पोर्तुगीजांची पूर्वेकडची मार्गवर्णने डच भाषेत छापून मोकळा झाला. त्याचा मोठा ग्रंथ १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला निघाला. नगरच्या किल्ल्याचा बुरूज सुरुंगाने फुटला असता चांदबिबी रातोरात तो बांधून घेत होती, ते हेच दिवस. तिच्या समोर मोगल होते. ज्यांची जहाजे पुढल्या शतकात हा सगळा किनारा वेढणार होती, त्यांची हत्यारे दूर छापखान्यात जुळवली जात होती.

लिहिलेल्या विद्येची इतकी थोरवी गाताना न लिहिलेल्या विद्येवर अन्याय होऊ नये. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, ती जागा पाहावी: भोवती पाण्यात बुडालेले खडक असे पसरलेले, की वाट ठाऊक नसलेल्या खोल बुडाच्या जहाजाने तेथे यावे म्हणजे आपला पेटा फोडून घ्यावा. तेथे तळ हाच तट होता, आणि त्याची किल्ली मालवणच्या माणसांच्या डोक्यात होती. १६७९ मध्ये चौलच्या उत्तरेस खांदेरीच्या बेटावर मराठे उतरले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची मोठी जहाजे बेटाभोवती पहारा करीत असतानाही मराठ्यांच्या उथळ बुडाच्या होड्या रात्री थळच्या किनाऱ्यावरून खडकांच्या मधून रसद पोहोचवीत राहिल्या. अशा वेळी कागद नसणे हेच बळ होते, कारण जे लिहिलेले नाही ते चोरता येत नाही. पण हे बळ माणसागणिक मरते, एवढा त्याला शाप आहे.

पुढचा इतिहास वेगाने सांगण्यासारखा आहे. चौल आणि कोर्लई १७४० च्या तहाने मराठ्यांकडे आले, पण तोवर मुखाशी गाळ वाढत चालला होता आणि व्यापार मुंबईच्या खोल पाण्याकडे वळला होता. ईस्ट इंडिया कंपनीने १७७९ मध्ये अलेक्झांडर डॅलरिंपल याला आपला जलालेखक नेमले. बॉम्बे मरीनच्या जॉन मॅक्लुअरने १७८७ पासूनच्या वर्षांत पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली, तिचे नकाशे डॅलरिंपलने छापले, आणि १८०९ ते १८११ मध्ये जेम्स हॉर्सबर्गची मार्गदर्शिका निघाली, ती पुढे कित्येक वर्षे या समुद्रात येणाऱ्या कप्तानांच्या उशाशी असे. १८७४ मध्ये कलकत्त्यास सागरी मोजणीचे स्वतंत्र खाते उघडले. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये हे काम डेहराडूनला आले आणि हिंदी नौदलाचे जलालेखन कार्यालय तेथे स्थिरावले. हिमालयाच्या पायथ्याशी, समुद्रापासून कोठल्या कोठे, चौलच्या चिखलाचे अक्षर आज कोरले जाते; तेव्हा नगरच्या माणसाने त्याच्यावर लिहावे यात अनुचित काही नसावे.

हा सगळा व्यासंग डोक्यात घेऊन मी एकदा रेवदंड्याला गेलो होतो. ओहोटी लागलेली, पुलाखालून कुंडलिका गढूळ आणि भराभर चाललेली, कोर्लईच्या टेकडीची सावली पाण्यावर पडू लागलेली. एका वयस्क तांडेलाने मला आपल्या होडीत घेतले. खाडीच्या तोंडाशी येऊन त्याने चार नख्यांचा लोखंडी नांगर सोडला, दोर हातातून जाऊ दिला, पुरेसा गेल्यावर नाळीशी वळसा घातला, आणि मला म्हणाला, “सायेब, हात ठेवा रशीवर.” मी ठेवला. दोर ताणला होता, ओला होता आणि अगदी स्तब्ध होता. “आता कसा गप हाय बघा. चिखलान रुतला. सरकत असला ना, की रशी अशी थरथरते, ताप भरल्यावानी.” मग त्याने नांगर उपसला, होडी टेकडीच्या पायथ्याकडच्या खडपाजवळ नेली आणि पुन्हा सोडला. या वेळी माझ्या तळव्याखाली दोरातून एक बारीक करकर आली, थांबली, पुन्हा आली. अगदी मुरमात पहार घातल्यासारखी. मी काही बोलण्याआधीच त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तो समाधानाने हसला. त्याने नकाशा कधी पाहिला होता का, असे मी विचारले. मुलाच्या फोनवर दिसतो, म्हणाला. त्यात खोली बरोबर असते, पण पावसाळा झाला की गाळ जागा बदलतो, तेव्हा दर वर्षी पुन्हा हात लावून बघावे लागते. नांगर वर आला तेव्हा नखीला काळपट, तकतकीत लेप होता. मी तो अंगठ्याने चोळला. पोत आमच्या काळीचाच होता. फक्त हुंगल्यावर त्याला खाऱ्याचा आणि माशांचा वास होता.

पोत तोच असावा याला कारण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा जो काळा कातळ बहुतेक महाराष्ट्राखाली पसरला आहे, तोच झिजून पूर्वेकडे आमची काळी झाली आणि पश्चिमेकडे, नद्यांनी वाहून नेल्यावर, कोकणाच्या समुद्राचा गाळ झाला. दोन्हींत पाणी लागताच फुगणारी, वाळताच तडकणारी तीच चिकण. जिच्यात आमचा नांगर चालतो आणि जिच्यात त्यांचा नांगर थांबतो, त्या दोन्ही एका कातळाची लेकरे. आणि नगर जिल्ह्याचा वाटा त्यात केवळ नात्यापुरताच आहे असेही नाही. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमेला कोकणकडा आहे. गडाच्या पूर्वेच्या पाण्याची मुळा होते, ती प्रवरेला मिळते, प्रवरा गोदावरीला, आणि ते पाणी सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. पण कड्याच्या अलीकडे चार पावलांवर पडलेला पाऊस कड्यावरून खाली झेपावतो, मुरबाडकडच्या ओढ्यांतून उल्हासला मिळतो आणि वसई-ठाण्याच्या खाड्यांतून अरबी समुद्र गाठतो.

गेल्या श्रावणात मी तेथे उभा होतो. धुके मधूनच फाटत होते. कड्याच्या माथ्यावरची माती धुऊन निघाली होती आणि तांबूस-काळ्या पाण्याचे ओघळ काठाशी येऊन, वाऱ्याने काही वेळा उलटे वर उडत, शेवटी खाली जात होते. खाली काही दिसत नव्हते. पश्चिमेला ढगांपलीकडे समुद्र होता, आणि त्या बाजूला तोंड करून मी बराच वेळ ते पाणी जाताना पाहत राहिलो.